कीर्द, खतावणी आणि सेकंड इयर: माझ्या वहीच्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

उद्यापासून सेकंड इयर मेकॅनिकल सुरू. गेल्या वर्षी माझ्याकडे अभ्यासाच्या सहा वह्या होत्या, पप्पांनी बार्शीहून निघताना दिलेली एक छोटी डायरी होती, मोबाईलमध्ये रिमाइंडरची दोन अ‍ॅप होती, आणि खरी कामाची माहिती मात्र सगळी व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लास ग्रुपवर, जिथे "उद्या शीट ४ चेक होणार" हा मेसेज रात्री साडेदहाला यायचा आणि सकाळपर्यंत त्याच्यावर दोनशे मेसेज चढलेले असायचे. ड्रॉइंगच्या दोन शीट उशिरा गेल्या, लायब्ररीचा दंड तीनदा भरला, आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीख कळली ती शेवटच्या दिवशी दुपारी, तेव्हा उत्पन्नाचा दाखला बार्शीला आणि मी पुण्यात. पप्पांनी दुकान सोडून फोटो काढून पाठवला म्हणून निभावलं. त्या दिवशी ठरवलं होतं की पुढच्या वर्षी एकच वही, सगळं तिच्यात.

आज अप्पा बळवंत चौकात जाऊन आले. पुस्तकं सेकंडहँड घेतली आणि एक २०० पानी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, एकेरी रेघांचं, शिवलेलं. स्पायरल मुद्दाम नाही घेतलं, सॅकमध्ये तारा वाकतात आणि पानं सुटतात हे गेल्या वर्षी बघितलंय. या नोंदी लिहितेय कारण वही कशी बदलत गेली ते मला नंतर बघायचंय, आणि कुणी नवीन मुलगा-मुलगी असं काही सुरू करणार असेल तर त्यांना कदाचित उपयोग होईल.

१७ जुलै, बुधवार (आषाढी)

सुट्टी. साबुदाणा खाऊन वही घेऊन बसले. पहिलं काम म्हणजे पानांना नंबर. दोनशे पानांना हाताने नंबर टाकायला अर्धा तास लागतो, कंटाळवाणं आहे, पण यात कुचराई करू नका, पुढचं सगळं या नंबरवर चालतं. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडली, पान ५ पासून आजचा दिवस.

पद्धत सध्या बुलेट जर्नलची घेतलीय. रायडर कॅरॉल नावाच्या न्यूयॉर्कमधल्या डिझायनरने २०१३ मध्ये ती सगळ्यांसमोर मांडली, त्याला स्वतःला लहानपणापासून लक्ष एका जागी ठेवायला त्रास व्हायचा त्यातून त्याने ती बसवली. काम असेल तर टिंब, कार्यक्रम असेल तर गोल, नुसती माहिती असेल तर आडवी रेघ, काम झालं की टिंबाची फुली करायची, पुढे ढकललं तर बाण. महिना संपला की उरलेली कामं हाताने परत लिहायची, म्हणजे लिहायचा कंटाळा आला तर समजायचं की ते काम तितकं महत्त्वाचं नव्हतं. हे मला फार पटलं.

२२ जुलै, सोमवार

पहिले पाच दिवस. लिहिलं जातंय हे खरं. पण अडचण ही की आज थर्मोच्या (थर्मोडायनॅमिक्स) मॅडमनी विचारलं तुमच्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल कधी ठरलं, आणि मला नक्की आठवत होतं की मी ते लिहिलंय, कुठल्या दिवशी लिहिलं ते आठवेना, सगळी पानं चाळली, मिळालं पान ७ वर, मेसच्या पैशांच्या खाली. म्हणजे आत टाकलेलं सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जे होत होतं तेच कागदावर झालं, फक्त अक्षर माझं.

सवयींचा तक्ता पण केला होता, पाणी किती प्यायलं, किती वाजता झोपले, रंगीत चौकोन. तीन दिवस भरला. तो बंद.

२८ जुलै, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

घरी फोन केला तर पप्पा मार्केट यार्डात होते आणि फोन दुकानाचा हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजी काकांनी उचलला. आमची आडत आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल व्यापाऱ्यांना विकून द्यायचं दुकान, आप्पांपासूनची, म्हणजे आजोबांपासूनची, तूर-हरभरा-ज्वारी, आणि दिवाणजी काका मला कळायला लागल्यापासून त्या गादीवर बसलेले आहेत. आता हिशोब कॉम्प्युटरवर असतो, जीएसटीवाला मुलगा येतो, तरी काका स्वतःची कीर्द अजून हाताने लिहितात. बोलता बोलता मी त्यांना सांगितलं की काका मी पण तुमच्यासारखी वही सुरू केलीय पण लिहिलेलं सापडत नाही. ते म्हणले, "बाळ, मग तू नुसती कीर्द लिहितीयस. खतवत नाहीस."

मग त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं आणि मी हे सगळं लहानपणापासून समोर बघितलेलं असून मला कधी कळलं नव्हतं. दुकानात दोन वह्या. रोजकीर्द म्हणजे जे जसं घडलं तसं, त्याच क्रमाने, तारखेखाली लिहायचं, एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला नावे. शेतकऱ्याचा माल आला, व्यापाऱ्याने पैसे दिले, हमाली दिली, चहा आला, सगळं. दिवसभर विचार करायचा नाही की हे कुठल्या खात्याचं, कारण समोर माणूस उभा असतो. खतावणी वेगळी, तिच्यात प्रत्येक माणसाचं आपलं पान. संध्याकाळी बसून कीर्दीतली एक एक ओळ त्या त्या खात्यावर उतरवायची, त्याला खतवणं म्हणतात, आणि खतावणीतल्या ओळीशेजारी कीर्दीचं पान लिहायचं, कीर्दीतल्या ओळीशेजारी खात्याचं पान. म्हणजे कुठूनही कुठे जाता येतं. कीर्दीला विचारायचं "त्या दिवशी काय झालं", खतावणीला विचारायचं "या माणसाचं काय राहिलंय". हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि मी एकाच ठिकाणी दोन्हीची उत्तरं शोधत होते.

आणि तिसरी गोष्ट मेळ. गल्ल्यातली रोख मोजायची आणि वहीतल्या शिलकीशी जुळवायची, जुळल्याशिवाय उठायचं नाही. मला आठवतंय, आम्ही दिवाळीत फटाके घेऊन दुकानासमोर थांबलेलो असायचो आणि आप्पा आतून सांगायचे "दिवाणजींचा मेळ बसू द्या". बारा रुपयांसाठी रात्रीचे नऊ वाजलेले बघितलेत मी.

तर आजपासून वही अशी. पुढून कीर्द, रोज एक पान, मधोमध उभी रेघ, डावीकडे "आलं" आणि उजवीकडे "गेलं". मागून, म्हणजे पान २०० पासून उलटं, खतावणी. प्रत्येक विषयाला चार पानं, सबमिशनला चार, मेसला एक, घराला दोन, लायब्ररीला एक, उसनवारीला एक.

५ ऑगस्ट, सोमवार

आजचं पान २४ जसं आहे तसं उतरवते, म्हणजे चालतं कसं ते कळेल. कंसातलं फक्त इथे समजावं म्हणून.

आलं बाजू: मेटलर्जी (धातुशास्त्र) प्रॅक्टि. २ राइटअप, सोमवारपर्यंत. थर्मो असा. (असाइनमेंट) १ दिली, ८ प्रश्न. सीआर (वर्गप्रतिनिधी) म्हणाला इलेक्ट्रिकलचं लेक्चर उद्या ३०४ मध्ये. मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचं साधन) रूममेटच्या मैत्रिणीने नेला. आईचा फोन, आजीचा चष्मा बदलायचाय, पुण्यात दाखवायचं का विचारतेय. सॉलिड मेक (सॉलिड मेकॅनिक्स) एसएफडी (बीमवरच्या शिअर फोर्सची आकृती) समजलं नाही, ओव्हरहँग बीम (आधाराच्या बाहेर आलेली तुळई).

गेलं बाजू: मेट. प्रॅक्टि. १ सही झाली. लायब्ररी पुस्तक परत. मेस ऑगस्टचे दिले. आजीसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर आईला पाठवला.

रात्री साडेनऊला मेळ घालायला बसले. नियम असा की "आलं" बाजूच्या प्रत्येक ओळीपुढे काहीतरी उत्तर हवं. एकतर ते आजच झालं आणि समोर "गेलं"मध्ये आहे, किंवा खतवलं आणि खात्याचं पान लिहिलं, किंवा उद्याच्या पानावर बाकी पुढे नेली, किंवा बुडीत. चारच पर्याय. बुडीत म्हणजे हे काम मी करणार नाही हे ठरवून, "बु" लिहून सोडून देणं. एकही ओळ बिनउत्तराची राहिली तर मेळ बसला नाही. आज बारा मिनिटं लागली, पहिल्या दिवशी पस्तीस लागली होती.

मोबाईल मी सोडलेला नाही, ते शक्यही नाही, सगळे निरोप तिथेच येतात. फक्त दुपारी जेवताना आणि रात्री मेळाच्या आधी असं दोनदा ग्रुप उघडते आणि कामाचं तेवढं कीर्दीत उतरवून घेते. मधे वाचत नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

काल संध्याकाळी कॉलेजवरून येताना पाऊस असा लागला की सॅकच्या चेनमधून पाणी आत गेलं. वही बाजूच्या कप्प्यात उभी होती. पान २५ ते ३१ वरच्या अर्ध्यापर्यंत भिजली. मी जेल पेनने लिहायचे कारण अक्षर छान दिसतं, ते निळं सगळं पसरलं, ओळीच्या ओळी ढगासारख्या झाल्या, वाचता येईना. आणि मधे मधे ज्या ओळी मी साध्या बॉलपेनने लिहिल्या होत्या, लेक्चरला कुणाचं तरी पेन घेऊन, त्या जशाच्या तशा. बॉलपेनची शाई तेलातली असते, पाण्यात सहज विरघळत नाही, जेलची बहुतेक पाण्यातली. हे मला माहीत होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

पानांच्या मधे वर्तमानपत्राचे तुकडे घातले, दर दोन तासांनी बदलले, मग वर सॉलिड मेकॅनिक्सचं पुस्तक आणि पाण्याची बाटली ठेवून रात्रभर पंख्याखाली. सुरकुत्या आल्या पण शिवण टिकली.

आणि मला आज खरंच समाधान वाटलं ते याचं, की त्या सात दिवसांतलं काहीच गेलं नाही. खतावणी शेवटच्या पानांवर, ती कोरडी होती, आणि रोज खतवलेलं असल्यामुळे पसरलेल्या ओळींतलं जे कामाचं होतं ते सगळं तिथे होतं. दोन ओळी सोडून, त्या पुढे नेलेल्या बाकीत मिळाल्या. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणले, त्यांच्या वेळेला एकदा दुकानात पाणी शिरलं होतं तेव्हा अर्धी कीर्द खतावणीवरून परत उभी केली होती.

आजपासून फक्त बॉलपेन, आणि वही जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत.

२१ ऑगस्ट, बुधवार

मेसचं खातं. आमच्या मेसला सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा असेल आणि आधी सांगितलं तरच पैसे वळते होतात. मागच्या वर्षी मी कधी किती खाडे केले ते महिनाअखेर सांगता यायचं नाही, काकू त्यांच्या वहीतून वाचतील ते खरं. आता माझं पण पान आहे. या महिन्यात पाच दिवसांचा खाडा, कोणत्या तारखेला सांगितलं ते पण लिहिलंय. काकूंच्या आणि माझ्या वहीत एका दिवसाचा फरक आला, दोघींनी वह्या शेजारी ठेवून बघितलं, चूक माझी निघाली, मी त्या दिवशी रात्री जेवायला आले होते. काकूंना मुलगी वही घेऊन बसली याचं एवढं कौतुक वाटलं की त्यांनी मला त्यांची जुनी वही काढून दाखवली, प्रत्येक मुलाचं पान, आणि कोपऱ्यात कुणाला काय चालत नाही ते, "वांगं नको", "सोमवार उपास".

३ सप्टेंबर, मंगळवार

आज वाईट दिवस. एका विषयाची दुसरी असाइनमेंट मी दिली होती, मला स्पष्ट आठवतंय, सगळ्यांच्या गठ्ठ्यात ठेवली होती. आज यादी लावली तर माझ्या नावापुढे रिकामं. सरांकडे गेले, त्यांनी विचारलं कधी दिलीस, कुणाकडे दिलीस. मी वही उघडली. सबमिशनच्या खात्यावर त्या ओळीपुढे एक टिक. बस्स. तारीख नाही, कुणाकडे ते नाही. कीर्दीत शोधली तर त्या आठवड्यात "असा. २ दिली" एवढंच, त्या दिवशी दोन विषयांच्या दुसऱ्या असाइनमेंट होत्या. मला काही सिद्ध करता येईना. अकरा पानं परत लिहायची, परवापर्यंत. तो गठ्ठा कुठे गेला कुणालाच माहीत नाही आणि नुकसान आमचं, ज्या तिघींच्या नावापुढे रिकामं होतं त्यांचं. याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही, कारण रात्री जागून लिहिलेली पानं असतात ती, त्याच्यामागे कुणाची तरी झोप असते.

पण माझ्या बाजूने जे करता येईल ते आज रात्री केलं. सबमिशनचं पान नव्याने आखलं. प्रत्येक कामापुढे आता पाच रकाने: मिळाली कधी, लिहून झाली कधी, दिली कधी आणि कुणाच्या हातात, सही कधी, आणि सरांच्या रजिस्टरमध्ये चढली का. शेवटचा रकाना मी स्वतः डोळ्यांनी बघितल्यावरच भरायचा. टिक बंद, सगळीकडे तारीख. आणि द्यायच्या आधी पहिल्या आणि शेवटच्या पानाचा मोबाईलवर फोटो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

बार्शीहून परतीच्या बसमध्ये. ७ तारखेला गणपती बसले, १० ला गौरी आल्या, काल पूजन, आज सकाळी हळदीकुंकवाची गडबड आवरून गौरींना निरोप देऊन निघाले. वही नेली होती, सहा दिवस उघडली नाही.

यात मला आधी फार भीती वाटायची, कारण माझ्या जुन्या सगळ्या डायऱ्या अशाच मेल्या, चार दिवसांचा खंड पडला की रिकामी पानं बघून परत हात लावावासा वाटत नाही. म्हणून काल दुकानात काकांची कीर्द उघडून बघितली की दुकान बंद असतं तेव्हा ते काय करतात. काही नाही करत. तारीख लिहितात, पुढे लिहितात "बंद", आणि लगेच खाली पुढची तारीख. गेल्या वर्षीच्या दिवाळीची पानं बघितली, लॉकडाऊनची जुनी कीर्द पण कपाटातून काढली, एप्रिल २०२० मध्ये खाली खाली तारखा आणि प्रत्येकापुढे "बंद", "बंद", "बंद", मधेच एका दिवशी "धान्य वाटप, २ क्विं. ज्वारी". ते पान मी बराच वेळ बघत बसले. दुकान बंद होतं तरी वही चालू होती.

तर पान ५७ वर लिहिलं: ७ ते १२ बंद, गौरी-गणपती. खाली १३ तारीख घातली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

इन्सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) जवळ आलीय म्हणून अभ्यासाच्या वह्यांबद्दल. लेक्चरची नोट या रजिस्टरमध्ये नसते, प्रत्येक विषयाचं वेगळं लाँगबुक आहे, त्याच्याही पानांना नंबर. तिथे मी कॉर्नेल पद्धत वापरते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाचे शिक्षक होते, त्यांनी १९५० च्या दशकात ही बसवली. पानाच्या डाव्या बाजूला अडीच इंचाची पट्टी सोडायची, उजवीकडे लेक्चरला नोट घ्यायची, खाली दोन इंच मोकळे. नंतर डाव्या पट्टीत प्रश्न लिहायचे ज्यांचं उत्तर उजवीकडे आहे, आणि खाली स्वतःच्या शब्दांत दोन ओळी. अभ्यास करताना उजवी बाजू झाकायची आणि प्रश्नांची उत्तरं तोंडाने द्यायची. आपल्या लाँगबुकला अडीच इंच फार होतात, मी दोन सोडते.

मेटलर्जीचं पान ३४ म्हणजे आयर्न-कार्बन डायग्रॅम, लोखंडात किती कार्बन आणि किती तापमान असलं की काय तयार होतं त्याची आकृती. उजवीकडे आकृती, डावीकडे प्रश्न: युटेक्टॉइड किती टक्के कार्बनला? पर्लाइट कशाकशाचं? ४.३ ला काय होतं आणि किती तापमानाला? एका पुस्तकात युटेक्टॉइडचं तापमान ७२३ अंश सेल्सिअस दिलंय आणि दुसऱ्यात ७२७, मी दोन्ही लिहून सरांना विचारलं, ते म्हणाले जुन्या पुस्तकांत ७२३ मिळेल, आता ७२७ धरतात. ही ओळ खाली दोन इंचांत आहे. हे असं स्वतः विचारून लिहिलेलं डोक्यातून जात नाही.

उजळणीचं मात्र मी दुकानातूनच घेतलंय. १८८५ मध्ये हरमान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत सगळ्यात वेगाने विसरतं आणि मग वेग कमी होत जातो. म्हणून उजळणी सुरुवातीला जवळ जवळ आणि नंतर लांब अंतराने. पण लक्षात कोण ठेवणार कधी काय? आप्पांच्या काळात मुदतीच्या हुंड्या असायच्या, आज लिहिली की अमुक दिवसांनी भरणा. तसं मी खतावणीतल्या दोन कोऱ्या पानांवर महिन्याच्या तारखा एकाखाली एक लिहिल्यात, आणि नवीन काही शिकलं की दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवसापुढे "मेट ३४" एवढंच लिहिते. सकाळी उठून त्या तारखेपुढे काय आहे ते बघायचं आणि भरायचं. आजच्या पुढे चार हुंड्या होत्या, पाऊण तासात भरल्या.

२९ सप्टेंबर, रविवार

इन्सेम झाली, मार्क कळले. मेटलर्जी ३० पैकी २४. थर्मो २१. सॉलिड मेकॅनिक्स १३.

१३ का ते बघायला खतावणीचं ते खातं उघडलं. उत्तर तिथेच होतं. "एसएफडी-बीएमडी सराव" (बीएमडी म्हणजे बेंडिंग मोमेंटची आकृती) ही एकच ओळ, ५ ऑगस्टच्या गोंधळातून निघालेली, मी उद्यावर उद्यावर नेत राहिले होते. मोजलं, सतरा वेळा बाकी पुढे. रोज मेळ बसत होता, कारण "पुढे नेली" हे पण उत्तरच होतं. नियम पाळला जात होता आणि काम होत नव्हतं.

काकांना विचारलं की दुकानात एखाद्याची बाकी अशी पुढे पुढे जात राहिली तर. ते म्हणले, "तीनदा पुढं गेली की मी स्वतः जाऊन भेटतो त्याला. आणि सगळे एकदम मागत नाही, म्हणतो आज पाचशे दे."

म्हणून दोन बदल. प्रत्येक वेळी बाकी पुढे नेताना कंसात आकडा, कितव्यांदा. तीन झाला की चौथ्यांदा न्यायला बंदी, एकतर त्या कामाचा छोटा तुकडा पाडून आजच करायचा किंवा बुडीत. आणि "सराव", "वाचणे", "बघणे" असले शब्द कीर्दीत नाहीत. "एसएफडी सराव" नाही, "ओव्हरहँग बीम, उदा. ७ आणि ८". ते वीस मिनिटांचं काम आहे हे वाचतानाच कळतं, "सराव" कधी संपतो ते कुणालाच कळत नाही.

रूममेट सगळं मोबाईलवर ठेवते, तिचं व्यवस्थित चालतं, तिच्या फोनला माझ्याइतकं भटकायची सवय नाहीये. मी कुणाला वहीच घ्या असं सांगत नाही. पण खतवणं ती पण करते, रविवारी बसून, फक्त तिचा शब्द वेगळा आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सबमिशनचा आठवडा संपला. डिपार्टमेंटच्या पॅसेजमध्ये पाच दिवस फाइली घेऊन रांगा. माझं पाच रकान्यांचं पान रांगेत उभ्या उभ्या आठ-दहा जणांनी फोटो काढून नेलं, दोघींनी झेरॉक्स काढून स्वतःच्या फाइलला आत चिकटवलं. माझ्या चोवीस नोंदी होत्या, बावीस पाचही रकाने भरून गेल्या. एक सही तारखेशिवाय झाली होती, ती घालून घेतली. एक प्रॅक्टिकल रजिस्टरमध्ये चढलंच नव्हतं, पण ते मला ९ ऑक्टोबरलाच कळलं होतं, रांगेत नाही, आणि मॅडमनी तिथल्या तिथे चढवलं कारण राइटअपवर त्यांचीच सही आणि माझ्याकडे तारीख.

सॉलिड मेकचे तुकडे: बावीस पाडले, सतरा झाले.

२ नोव्हेंबर, शनिवार (पाडवा)

बार्शी. काल लक्ष्मीपूजन झालं. आर्थिक वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं, पण कीर्द अजून लक्ष्मीपूजनालाच पूजतात आमच्याकडे, चौरंगावर नवी वही, हळदकुंकू, झेंडू, लाह्या-बत्तासे, आणि पहिल्या पानावर दिवाणजी काका कुंकवाने स्वस्तिक काढतात आणि खाली "श्री" लिहितात. मी पुण्याहून नवीन रजिस्टर घेऊन आले होते. जुन्यात मधली तीस-एक पानं कोरी आहेत, कीर्द पुढून आणि खतावणी मागून येऊन तिथे थांबली, ती रफला वापरीन. पप्पांनी माझी वही बघितली, काही न बोलता दुकानाच्या वहीशेजारी चौरंगावर ठेवली. काकांनी तिच्यावर पण "श्री" लिहिलं.

आज दुपारी गादीवर बसून बाक्या उतरवल्या. जुन्या खतावणीचं एकेक पान उघडायचं, जे संपलं त्याखाली दोन रेघा, जे राहिलं ते नव्या वहीत "मागील बाकी" म्हणून. नऊ निघाल्या. उसनवारीत मिनी ड्राफ्टर अजून परत आलेला नाही. आजीचा चष्मा झाला. घराच्या खात्यावर स्कॉलरशिपचा यंदाचा फॉर्म, दाखला यावेळी मी आत्ताच सोबत घेतलाय. सॉलिड मेकचे पाच तुकडे, त्यातल्या टॉर्शनच्या (पिळाच्या) उदाहरणापुढे कंसात ३.

काका चष्मा वर करून बघत होते. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणले, "ही पार्टी तीनदा फिरलीय. नव्या वहीत नेऊ नको, आजच मोकळी कर."

पोकळ शाफ्ट, बाहेरचा व्यास काढायचा होता. सव्वा तास लागला, दोनदा आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करायचा विसरले. तिसऱ्यांदा उत्तर जुळलं. नव्या वहीत पान ५ वर "गेलं" बाजूला पहिली ओळ तीच आहे, आणि मागील बाकी आठ.